दम्यावर घरी काय करता येतं? मेडिकलच्या काउंटरवर विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीला आमचं मेडिकल आहे आणि मी फार्मासिस्ट आहे. जूनमध्ये पावसाची झड लागली की, आणि पुन्हा नोव्हेंबरात हवा जड झाली की, दुकानात ढास लागलेली माणसं वाढतात. पंप, म्हणजे इनहेलर, पिशवीत टाकता टाकता हळूच विचारतात, "घरचं काही करता येईल का हो?" त्या प्रश्नांची ही उत्तरं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे चालू औषध कमी-जास्त करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. माझं मत मात्र आधीच सांगून टाकते: दम्यात पोटात काय घातलं यापेक्षा घरातून काय बाहेर काढलं याने जास्त फरक पडतो. म्हणून खाली काढ्यांपेक्षा ओल आणि धूर यांच्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आत्ता धाप लागली आहे. आधी काय करू?

इथे काढा, बाम, वाफ काहीही नको. माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. गळ्याजवळचे कपडे सैल करा. निळा पंप, म्हणजे लगेच आराम देणारा साल्ब्युटामॉलचा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्या. एका वेळी एकच फवारा, आणि प्रत्येक फवाऱ्यानंतर स्पेसरमधूनच चार-पाच श्वास. असे चार फवारे झाले की चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही नाही? १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवा. काही जणांना डॉक्टरांनी आरामासाठी फॉर्मोटेरॉल असलेला दुसरा पंप दिलेला असतो. त्यांनी स्वतःच्या कागदावर लिहिलंय तसं करावं.

काही लक्षणांत फवारे मोजत बसायचंच नाही, आधी फोन. एक वाक्य सलग बोलता येत नाही. ओठ किंवा नखं निळसर दिसतात. मुलाच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते. माणूस गुंगीत जातोय. आणि एक फसवं लक्षण: छातीतली शिट्टी एकदम बंद होते, पण माणूस तेवढाच दमलेला असतो. घरच्यांना वाटतं उतार पडला. खरं तर हवेची ये-जाच थांबत चाललेली असते.

रात्री घोडबंदर रोड तुंबलेला असेल तर १०८ ची वाट बघायची की रिक्षा पकडायची, हा प्रश्न ऐन त्या रात्री सुचण्यात काही अर्थ नाही. घराजवळ रात्रभर कॅज्युअल्टी कुठे उघडी असते, तिथे ऑक्सिजन आहे का, हे आजच बघून ठेवा.

घरगुती उपायांनी दमा मुळापासून जातो का?

नाही. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी असं काही लागलं की त्या नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ सुटतो आणि वाट अरुंद होते. लहानपणीचा दमा पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरतो. मग ज्या वर्षी ओसरला त्या वर्षी जे काही चालू होतं, त्याला श्रेय मिळतं. शेळीच्या दुधाला मिळतं, गंड्याला मिळतं, शेजारच्या काकूंच्या काढ्याला तर हमखास मिळतं.

गरम पाण्याची वाफ घ्यावी का?

सर्दीने नाक चोंदलं असेल तर वाफेने मोकळं वाटतं. आवळलेल्या श्वासनलिका वाफेने उघडत नाहीत, आणि काहींना तर त्या गरम दमट हवेनेच उबळ येते. पाण्यात निलगिरीचं तेल किंवा बाम टाकला तर ती शक्यता आणखी वाढते. माझी मोठी भीती भाजण्याची आहे. जमिनीवर उकळतं पातेलं, वरून टॉवेल, मांडीवर चुळबुळणारं पोर. याहून जास्त सांगायची गरज पडू नये.

यात एक घोटाळा नेहमीचा आहे. नेब्युलायझरच्या मशीनलाही आपण "वाफ देणं" म्हणतो. डॉक्टरांनी "वाफ द्या" सांगितलं म्हणून घरी पाणी उकळत बसलेली आई मी पाहिली आहे. मशीनमधून येतो तो औषधाचा तुषार असतो, गरमही नसतो. चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि मिली लिहिलेलं असेल, तर ती मशीनची वाफ.

आलं, तुळस, मिरी, मध, गवती चहा यांचा काढा?

प्या. घसा शेकतो, कफ जरा पातळ होतो, बरं वाटतं. आमच्या घरीही पावसाळाभर गवती चहा असतोच. फक्त काढा घेतला म्हणून सकाळचा पंप चुकवायचा नाही.

तीन बारीक गोष्टी. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, चाटणातूनही नको. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्यांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. दुसरं, ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि अंगातलं पोटॅशियम उतरतं. साल्ब्युटामॉल जास्त झालं की त्यानेही पोटॅशियम उतरतं, म्हणून ब्लडप्रेशरवाल्यांनी आणि दिवसातून बऱ्याचदा पंप लागणाऱ्यांनी ज्येष्ठमधाची कांडी चघळत बसू नये. तिसरं, मिरी-लवंगांचा कडक काढा रिकाम्या पोटी दोन-तीनदा घेतला की आंबट ढेकर सुरू होतात. पोटातलं आम्ल वर आलं की दम्याचा खोकला चेकाळतो, विशेषतः रात्री आडवं पडल्यावर.

अडुळसा तर खरा गुणकारी ना?

अडुळशाला मान आहे आणि तो फुकटचा नाही. त्याच्या पानातल्या वासिसीन या घटकावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं आधुनिक औषध तयार झालं. कफाच्या अनेक सिरपांत ते असतं. तेव्हा कफ सुटायला अडुळसा मदत करतो असं म्हणणाऱ्या आजीला हसू नका. पण तो श्वासनलिकेची सूज उतरवत नाही, आणि दम्याचं मूळ दुखणं सूज हेच आहे. गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

दही, केळं, भात, थंड पाणी बंद करायचं का?

दुधाने छातीत कफ वाढतो याला आधार सापडलेला नाही. केळ्याचंही तेच. एखाद्याला ठरावीक पदार्थाची खरीच ॲलर्जी असते, त्याने तो टाळावा. पण दमेकरी मुलाला दूध-दही-फळं सगळं बंद करून नुसत्या मऊ भातावर ठेवलेलं मी बघते, तेव्हा राग येतो. ज्या मुलाला आधीच सारख्या सर्दी-खोकल्याशी झुंजायचं आहे, त्याचंच ताट रिकामं करायचं?

संशय घ्यायचाच असेल तर सल्फाइट घातलेल्या टिकाऊ पदार्थांवर घ्या. सुके जर्दाळू, बाटलीबंद रस, वाइन. काहींना त्यांनी खरोखर दम लागतो. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल घ्या, दम्याचं औषध म्हणून मात्र त्याच्याकडे बघू नका.

चिंबोरीच्या रश्श्याने छाती मोकळी होते म्हणतात.

आगरी-कोळी घरांत, कोपरीपासून दिवाळे गावापर्यंत, सर्दीवर चिंबोरीचं झणझणीत कालवण करतातच. तिखट-गरम रश्श्याने नाक वाहतं आणि मोकळं वाटतं. तेवढंच. खेकडा-कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी लांब राहावं. काहींना तर शिजताना येणाऱ्या वाफेनेसुद्धा त्रास होतो.

पंप जवळ नसेल तर कॉफी चालते असं ऐकलं. खरं का?

यात तथ्य आहे. कॅफिन हे थिओफिलिन या दम्याच्या जुन्या औषधाचं जवळचं भावंड आहे आणि त्याने श्वासनलिका थोड्या सैलावतात. हा परिणाम चार तासांपर्यंत टिकू शकतो. पण "थोड्या" हा शब्द दोनदा वाचा. येऊरला फिरायला गेलात, पंप घरी राहिला, तर परत येईपर्यंत एक कडक कॉफी ठीक. झटका आला असेल तर कॉफी करण्यात वेळ घालवू नका. थिओफिलिनच्या गोळ्या आधीच चालू असणाऱ्यांनी कॉफी वाढवू नये, छातीत धडधड होते.

ओव्याची पुरचुंडी, कापूर, छातीला बाम?

मोठ्या माणसाला शेकाने बरं वाटत असेल तर कपडा फार तापवू नका, एवढंच. कापूर मात्र लहान मुलांपासून दूर. तो पोटात गेला तर आकडी येऊ शकते, कधी नुसता अंगाला चोळूनसुद्धा. दोन वर्षांखालच्या मुलाला कापराचा बाम छातीला, नाकाला, उशीला कुठेच लावू नये.

बाळाला अंघोळीनंतर धुरी देतो. ती तर परंपरेची आहे.

हो, आणि या विषयावर माझं काउंटरवर सर्वांत जास्त भांडण होतं. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, शेपा, वावडिंग, लसणीची सालं, आणि वर बाळ. बंद खोलीत दहा मिनिटं. आजीचा हेतू चांगला असतो, पण तान्ह्याच्या श्वासनलिका गव्हाच्या काडीएवढ्या असतात आणि धूर तो धूर, ओव्याचा असला तरी. घरात दम्याची प्रवृत्ती असेल तर हे ताबडतोब थांबवा. अंग शेकायचं असेल तर सुती कपडा तव्यावर कोमट करून शेका. आजीचा मान राहतो आणि खोलीत धूर होत नाही.

धूप-उदबत्ती, डासांची कॉइल?

सर्वांत वाईट कॉइल. एक कॉइल पूर्ण जळली की सुमारे शंभर सिगारेटींएवढे सूक्ष्म कण हवेत सोडते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा आकडा ७५ ते १३७ च्या दरम्यान आला होता. ती आपण दारं-खिडक्या लावून, मुलाच्या उशाशी, रात्रभर लावतो. बिनधुराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉइलवरही माझा भरवसा नाही. खाडीकाठच्या वस्तीत डास आहेत हे मान्यच. खिडक्यांना जाळी बसवा, मच्छरदाणी लावा.

उदबत्तीचं जरा नाजूक आहे. देवापुढे एकच लावा, खिडकी उघडी ठेवून, किंवा नुसतं निरांजन लावा. गणपतीत दहा दिवस आरतीच्या वेळी धुपाटण्याचा धूर कोंडतो, तेव्हा दमेकऱ्याला दारापाशी उभं करा. गणपतीबाप्पाची हरकत असल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि महापालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या बंद करून मागच्या खोलीत जायचं, मागे पळणारी पोरं आवरायची.

पावसाळ्यात भिंतींना ओल येते. त्याचा खरंच एवढा संबंध आहे?

आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत तो सगळ्यांत मोठा आहे असं मला वाटतं. माझं माहेर कोपरखैरण्यातल्या जुन्या सिडको इमारतीतलं. जुलैत कपाट हलवलं की मागची भिंत काळी आणि कपड्यांना तो कुबट वास. तो वास म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात. शिवाय दमट हवेत धुळीतले किडे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे माइट, गाद्या-उशांत जोमाने वाढतात.

ओल कुठून येते ते आधी शोधा. बाहेरच्या भिंतीला तडा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं, किंवा वरच्यांच्या बाथरूमची गळती. तिसरं कारण असेल तर पुढची दोन वर्षं सोसायटीच्या मीटिंगांत जातील, तयारी ठेवा. ओल न थांबवता वरून महागडा रंग मारला तर सहा महिन्यांत तो पोपडे धरून खाली येतो आणि बुरशी खाली वाढतच असते. ही दुरुस्ती मे महिन्याआधी उरकायची असते.

तोवर काय? कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. पावसात दुसरी जागा नसतेच, मग निदान स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट लावून. अंघोळीनंतर बाथरूमचा पंखा अर्धा तास चालू ठेवा. उन्हाची तिरीप आली की खिडक्या उघडा. एसीला ड्राय मोड असेल तर तो पावसाळ्यात खरा उपयोगी, फक्त जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

बुरशी पुसायचं काम दमेकऱ्याने करायचं नाही. दुसऱ्या कुणी मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसावी. सुकी खरवडली तर ती घरभर उडते. ब्लीच वापरलंत तर त्यात बाथरूमचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, धडधाकट माणसालाही दवाखाना दाखवतो.

गाद्या-उशांचं काय करू?

चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा. गाद्यांना जमेल तेव्हा कडक ऊन दाखवा, पण आपटायचं काम गच्चीवर आणि दमेकरी घरात असताना. कापसाची गादी पिंजायला दिलीत तर पिंजारी दारातच बसतो. त्या दिवशी मुलाला मावशीकडे पाठवा. गादी-उशीला चेन असलेलं बंद कव्हर मिळतं, त्यात पैसे घालायला हरकत नाही. मऊ खेळणी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग धुवायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण थंडीने माइट मरतात आणि धुण्याने त्यांचा कचरा निघतो.

केर काढताना केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने लादी पुसलेली बरी. झुरळांचीही ॲलर्जी असते, आणि आपल्याकडे झुरळांना तोटा नाही. स्प्रे मारू नका, तो स्वतःच उबळ आणतो; जेलचे ठिपके लावून घ्या, उष्टं-खरकटं रात्री उघडं ठेवू नका.

रस्त्यावरच्या धुळीचं घरी बसून काय करणार?

घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, जागोजागी टॉवर, सिमेंटचे मिक्सर. तिकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने. कोपरखैरणे-वाशीकडे काही रात्री रसायनांचा वास येतो, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. अशा रात्री खिडक्या बंद करा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेळ-ठिकाणासह तक्रार टाका.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" हे ॲप मोफत आहे. हवेचा निर्देशांक शंभराच्या आत असेल तर ठीक, २०० च्या वर गेला की हवा "खराब" गटात मोजतात. हिवाळ्यात वारा पडतो आणि पहाटे धूळ-धूर जमिनीलगत साचून राहतो, त्यामुळे मासुंदा तलावाला सकाळी सहाची फेरी घालण्यापेक्षा ऊन वर आल्यावर जा. स्कूटरवाल्यांनी एन-९५ मास्क घालावा. ओढणी धूळ अडवते असं नुसतं वाटतं.

एअर प्युरिफायर? हेपा फिल्टरचा, म्हणजे सूक्ष्म कण अडवणाऱ्या जाळीचा, असेल तर झोपायच्या खोलीत थोडा फायदा होतो. ओझोन सोडणारा मुळीच नको. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर मशीनचे पैसे वाचवा आणि आधी ते बंद करा.

उन्हाळ्यात मसाला करायचा असतो. मिरची कांडायला मी जाऊ का?

दमा असेल तर नको. वाशीच्या मसाला मार्केटमधून मिरच्या आणणं, त्या निवडणं, भाजणं आणि कांडपावर उभं राहणं, या सगळ्यात मिरचीची पूड हवेत असते. देठं खुडायला बसा मोकळ्या गच्चीवर, मास्क लावून. बाकी काम जावेवर सोपवा. रोजच्या फोडणीला चिमणी किंवा एक्झॉस्ट आधी चालू करायचा, ठसका लागल्यावर नव्हे.

प्राणायामाने पंप सुटतो का?

पंप सुटत नाही, पण प्राणायाम करा. श्वासाच्या व्यायामांनी दमेकऱ्यांना रोजचं जगणं सोपं वाटतं, घाबरल्यावर उथळ श्वास घ्यायची सवय कमी होते. अनुलोम-विलोम, भ्रामरी, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडणं, हे सगळं बरं आहे. कपालभाती आणि भस्त्रिका छाती भरलेली असताना करू नका. जोरजोरात घेतलेल्या श्वासाने आवळलेल्या नलिका आणखी आवळतात.

कोजागिरीच्या खिरीतलं औषध, हैदराबादचा मासा?

कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देणारे अनेक ठिकाणी आहेत. हैदराबादला मृगाच्या सुरुवातीला जिवंत माशाच्या तोंडात पिवळा लेप भरून तो गिळायला देतात, इकडूनही माणसं जातात. त्याने दमा बरा होतो असं कुठल्याही शास्त्रीय तपासणीत सिद्ध झालेलं नाही. श्रद्धेने जायचं असेल तर जा. पंप खिशात ठेवा, गर्दीच्या धुळीत तोच लागेल. आणि "आता चाळीस दिवस दुसरं औषध घ्यायचं नाही" असं कुणी सांगितलं, तर ती अट मोडा.

एका वैद्यांच्या पुड्यांनी आठ दिवसांत दमा गेला! नाव-गाव नाही, पण गुण आहे.

याच पुड्यांची मला सर्वांत जास्त भीती वाटते. लेबल नसलेल्या, "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांत आणि गोळ्यांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशी स्टेरॉइड मिसळलेली देशभर सापडली आहेत. म्हणून तर आठ दिवसांत गुण! पुढे चेहरा गोल सुजतो, भूक वाढते, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. मग पुडी एकदम बंद केली तर शरीराची स्वतःची संप्रेरकं झोपलेली असल्याने जीवावर बेतू शकतं. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर स्वतःहून न थांबवता, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. परवाना असलेले, नाव-घटक लिहून देणारे वैद्य वेगळे. त्यांना याचा राग येऊ नये.

पण पंपातही स्टेरॉइड असतंच की. आणि एकदा लागला की सुटत नाही!

असतं, पण प्रमाण बघा. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, आणि पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत ४० फवाऱ्यांएवढं औषध. स्टेरॉइडचंही असंच: पंपातून मायक्रोग्रॅममध्ये थेट फुप्फुसात, गोळीतून मिलिग्रॅममध्ये सगळ्या अंगात. तरी आई-वडील गोळी "साधी" मानतात आणि पंप "शेवटचा उपाय". हे उलटं कुठून आलं कोण जाणे.

सवयीचं म्हणाल तर चष्म्याची लागते तेवढीच. मला खटकतं ते दुसरं. लोक सूज उतरवणारा रोजचा पंप बंद करतात आणि लगेच आराम देणारा निळा पंप शिमग्याच्या रंगासारखा उडवतात. निळ्याने स्नायू सैलावतात, सूज तशीच राहते. म्हणूनच २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांत नुसत्या निळ्या पंपावर दमा ठेवू नका असं सांगितलं जातं. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील, तर तुमचा दमा आटोक्यात नाही. हे मी बिल करताना सांगते तेव्हा गिऱ्हाईक नाराज होतं.

पंप बरोबर घेतोय हे कसं कळणार?

फवाऱ्याचा पंप असेल तर हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंप ओठांत घट्ट धरा, श्वास घ्यायला लागताच दाबा आणि सावकाश आत घ्या. दहा आकडे श्वास रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. कॅप्सूलच्या मशीनचं उलट: ती फिरवून कॅप्सूल उघडायची आणि श्वास जोरात, खोल ओढायचा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, म्हणून मुद्दाम सांगते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघणं हा जुना भ्रम. मागचा आकडा बघा, नसेल तर सुरू केल्याची तारीख मार्करने लिहा.

उपासाला पंप चालतो का?

चालतो. पोटात काही जात नाही. नवरात्रात पंप बंद करून अष्टमीला ॲडमिट होणं कुठल्या देवीला हवं असेल?

गरोदरपणात?

डॉक्टरांना न विचारता पंप बंद करू नका. आईला ऑक्सिजन कमी पडला की बाळालाही कमी पडतो. न सांभाळलेला दमा पंपापेक्षा जास्त घातक.

अंग दुखतंय, कुठली गोळी घेऊ?

हे विचारलंत ते बरं केलंत. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी जोराचा झटका येतो. पूर्वी असं झालं असेल तर या गटातलं काहीही नको. नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब यांनीही दमा बिघडू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याबद्दल सांगायचं बहुतेकांना सुचतच नाही.

दिवाळीत काय काळजी घेऊ?

फटाक्यांत सर्वांत वाईट धूर नागगोळीचा. आवाज नाही म्हणून ती "लहान मुलांची" समजतात, आणि मूल तिच्यावर ओणवं होऊन बघत असतं. ती आणूच नका. रोजचा पंप दिवाळीच्या आठवडाभर आधीपासून तरी न चुकवता घ्या. तो दोन-चार दिवसांत काम करत नाही. घर झाडायचं आणि रंगकामाचं काम दमेकऱ्याला देऊ नका.

खिडकीत कबुतरं बसतात. त्यांच्यामुळे दमा होतो का?

त्यांच्या पिसांनी-विष्ठेने दमा चाळवतो, पण आणखी गंभीर गोष्ट वेगळी आहे. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांनाच सूज येते आणि ती कडक होत जातात. सुका खोकला, जिना चढताना वाढत जाणारा दम, वजन उतरणं. पंपाने त्याला फरक पडत नाही. असं असेल तर डॉक्टरांना "आमच्या डक्टमध्ये कबुतरं आहेत" हे स्वतःहून सांगा. साफ करताना आधी पाणी मारा, सुकं झाडू नका, आणि जाळी बसवून घ्या.

डॉक्टरांकडे पुन्हा कधी जायचं?

गेल्या चार आठवड्यांकडे बघा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस त्रास झाला? दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागला? दम्याने रात्री जाग आली? जिना, खेळ, काम यांपैकी काही दम्यामुळे सोडावं लागलं? एकालाही "हो" आलं तर जा, जाताना सगळे पंप पिशवीत घालून न्या आणि तिथे घेऊन दाखवा. दमा आहे असं फुंकायच्या तपासणीने, म्हणजे स्पायरोमेट्रीने, कधी ठरवलंच नसेल तर ती करून घ्या. प्रत्येक धाप दम्याची नसते. पन्नाशीनंतर पहिल्यांदा दम लागला तर हृदयही तपासावं लागतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन कमी होणं असेल तर थुंकीची टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.